टपाखालची जागा

गेल्या वर्षी आपल्या मंडळाचा गणपती करोंद चौकातून मांडवापर्यंत एका जुन्या जीपमधून आला. पुढचे दहा दिवस आम्हाला त्या जीपबद्दल प्रश्न येत राहिले. इंजिन कुठले, रंग कुठे मारला, ॲव्हरेज किती, विकणार का. आतल्या भागाबद्दल मात्र एकानेही विचारले नाही. वास्तविक ती जीप चालू करायला आम्हाला पाच महिने लागले आणि आतले काम पुरे व्हायला चौदा. स्मरणिकेच्या संपादकांनी "जीपवर काहीतरी लिहा" म्हटले, तेव्हा लिहायचे तर आतल्या भागावरच, असे आम्ही ठरवले.

"आम्ही" म्हणजे कॉलनीतले चौघे. एक राज्य शासनाच्या नोकरीत, यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेला. कागदावर उतरवण्याचे काम त्याच्याकडे आले. एक शाळामास्तर, एक मंडीत हिशेब लिहिणारा, आणि चौथा ज्याच्या काकांची ही जीप. चौघांचीही घराणी भोपाळमध्ये तीन पिढ्यांची. अशा गाडीला आजकाल रेस्टोमॉड म्हणतात. रूप जुने ठेवायचे. ब्रेक, वायरिंग, दिवे आणि बसायची सोय आजची करायची. जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा तसाच ठेवून आत नळ आणि वीज घ्यावी, तशातला प्रकार.

बग्गीपासून मोटारीपर्यंत

मोटार आली तेव्हा तिचे यंत्र तेवढे नवे होते, बाकी बरेचसे घोडागाडीचे होते. फेटन, लँडो, कॅब्रिओले ही उघड्या मोटारींची नावे आधी घोडागाड्यांची होती. मुंबईची व्हिक्टोरिया ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचा मागे दुमडणारा टप आठवत असेल. 2015 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने त्या गाड्यांना उतरती कळा लागली. उघड्या मोटारीचा टप हा त्याच टपाचा धाकटा भाऊ: कमानी, त्यांवर ताणलेले कापड किंवा चामडे, आणि उघडला की मागे पडणारी घडी.

युरोपातले मोठे मोटार कारखाने बरीच वर्षे नुसती चेसिस आणि इंजिन विकत. वरचा सांगाडा आणि आतली बैठक घोडागाड्या बांधणारी घराणी करून देत. गादीत घोड्याचे केस भरलेले असत आणि वर चामडे. खोगिराचे चामडे शिवणाऱ्याच्या हाताला मोटारीची गादी परकी नव्हती.

आपल्या लोकांचा या गोष्टीशी संबंध फार लवकर आला. 1908 साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी झाली. वाटेतले घाट चढून उतरून पार करायचे होते. त्यात उतरलेल्या रोल्स रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट गाडीला "पर्ल ऑफ द ईस्ट" असे नाव होते, आणि ती पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली. सह्याद्रीचे घाट पाहिलेली गाडी माळव्याच्या उत्तरेला आली. आपल्यापैकी किती घराण्यांचा प्रवास याच दिशेने झाला आहे!

त्यानंतरची पिढी इंदूरची. यशवंतराव होळकर दुसरे यांनी अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कारखान्याची एसजे ही गाडी घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून उघडा सांगाडा बांधून घेतला. साल 1935-36 च्या आसपासचे. याच महाराजांचा इंदूरचा माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पकाराने 1930 च्या सुमारास रचला. आतल्या खुर्च्या, दिवे, गालिचे त्या काळच्या युरोपातल्या नामवंतांकडून आले. 1980 मध्ये त्यातले बरेच सामान परदेशात लिलावात गेले. माणिकबागेच्या इमारतीत आता केंद्र सरकारच्या करखात्याचे कार्यालय भरते. वाडा उभा आहे, पण आतले सामान जगभर पांगले. म्हणजे आतला भाग हाच सगळ्यांत आधी हलतो, हे आम्ही तेव्हापासून मनाशी धरले.

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट सारखी आढळते. गाडी कोणी घेतली, कोणत्या कारखान्याची होती, किती अश्वशक्तीची होती, हे नोंदलेले असते. गादी कोणी शिवली, ते नसते.

माझगावची जीप

आमची गाडी राजेरजवाड्यांची नाही. ती 1972 सालची महिंद्राची सीजे-3बी आहे. परंतु उघड्या गाडीचा जो प्रकार सामान्य मराठी आणि भोपाळी माणसाच्या वाट्याला खरोखर आला, तो हाच.

जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. अमेरिकी सैन्यासाठी 1941 पासून विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. इकडे 1945 मध्ये जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. 1949 मध्ये मुंबईत माझगावला सुट्या भागांतून विलीज जीप जोडणे सुरू झाले. पुढे कंपनीच्या कांदिवलीच्या कारखान्याचे नाव घरोघरी पोचले. सीजे-3बी हे रूप अमेरिकेत 1953 मध्ये आले. तिचे बॉनेट उंच, कारण आतले हरिकेन इंजिन उंच. भारतात हे रूप पुढे कित्येक वर्षे बनत राहिले.

आतून ही जीप म्हणजे लोखंडी पेटी. दरवाजे नाहीत. पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येते. इंधनाची टाकी चालकाच्या सीटखाली. मीटरची तबकडी डॅशबोर्डच्या मधोमध, त्यामुळे शेजारी बसलेल्यालाही वेग दिसतो आणि तो सूचना करू लागतो. मागे चाकांच्या कमानींवर समोरासमोर दोन बाकडी, आणि शेवटी फाळका. या गाडीत मागे बसलेला माणूस रस्त्याकडे पाहत नाही, समोरच्या माणसाकडे पाहतो. हे पुढे महत्त्वाचे ठरले.

2 ऑक्टोबर 1952 रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप खेड्यापाड्यांत पोचू लागली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी नागपूरहून भोपाळला आली. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर इथल्या कचेऱ्यांतले मराठी कारकून, अभियंते, शिक्षक बिऱ्हाड घेऊन इथे आले. तात्या टोपे नगरातल्या सरकारी क्वार्टरांत आपल्यापैकी अनेकांचे आईवडील वाढले. त्या पिढीला सरकार म्हणजे काय, असे विचारले असते तर अनेकांच्या डोळ्यांपुढे कापडी टपाची जीप आली असती.

काकांची गाडी

आमच्या मित्राच्या काकांचा विहिरींवर पंप बसवण्याचा धंदा होता. 1983 मध्ये त्यांनी ही जीप एका सरकारी कचेरीच्या नीलामात घेतली. घेतल्याबरोबर त्यांनी खाकी कॅनव्हासच्या गाद्यांवर मरून रंगाचे रेक्झीन चढवले. पंप आणि पाइप मागे टाकून ते बैरसियापर्यंतच्या गावांत जात.

काका तेव्हा सिंधी कॉलनीजवळ राहत. 2 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्रीनंतर काय झाले, ते या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. आमच्यापैकी दोघे तेव्हा कडेवर होते आणि दोघे जन्मलेही नव्हते. काकांनी जीप काढली आणि रस्त्यावर जे भेटले त्यांना मागे घेऊन हमीदिया रुग्णालयापर्यंत दोन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला त्यांना दिसेनासे झाले. त्यांचे डोळे पुढे कायम पाणावलेले असत. या रात्रीबद्दल ते घरात बोलले नाहीत. एवढेही काकूंकडून कळले, तेही काका 2011 मध्ये गेल्यानंतर.

जीप मात्र चालत राहिली. 1990 च्या दशकात पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले, त्याची नोंद रीतसर नोंदणी पुस्तकात आहे. मरून रेक्झीनवर निळे चढले. काका करोंदला राहायला आले, तेव्हा इथे मंडी होती आणि मोकळी जागा होती. त्यांच्यानंतर गाडी पत्र्याच्या शेडमध्ये बारा वर्षे उभी राहिली.

नियम काय म्हणतो

काम सुरू करण्याआधी आम्ही नियम वाचले. ज्यांच्याकडे जुनी गाडी उभी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीत मूलभूत बदल करायला मनाई करते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केले: नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार चालणार नाही. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची परवानगी आणि नोंद हवी. जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली खासगी गाडी त्यात नोंदता येते. तिचा क्रमांक व्हीए अक्षरांचा, नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये. आमच्या जीपचे वय त्यात बसते, पण इंजिन बदललेले असल्याने ती त्यात बसत नाही. आम्ही तिची साधी नोंदणी तपासणी करून पुढे वाढवून घेतली.

तिसरा नियम आमच्या मनाला जास्त लागला. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी संपते आणि ती मोडीत काढण्याच्या अधिकृत केंद्रात जातात. नियम रास्त आहे. जुन्या सरकारी गाड्यांचा धूर आणि त्यांचे ब्रेक आम्हाला ठाऊक आहेत. पण त्याचा अर्थ असाही होतो की काकांनी 1983 मध्ये घेतली तशी जीप आता कुणाच्या हाती लागणार नाही. आमच्यातला एक ज्या आवारात नोकरीला जातो, तिथे अशा गाड्या रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या सीटवर पंचवीस-तीस वर्षे कोण कोण बसले असेल: पुराच्या पाहणीला निघालेले, मतपेट्या नेणारे, लसीचा डबा मांडीवर घेतलेले. एक दिवस त्या गेल्या आणि जमिनीवर तेलाचे डाग उरले.

नियम वाचता वाचता आणखी एक गोष्ट लक्षात आली. नोंदणी पुस्तकात आसनसंख्या लिहिलेली असते. गादीत काय भरले आहे ते लिहिलेले नसते. इंजिन, चेसिस, सांगाडा यांवर सरकारचे लक्ष असते, आणि असायलाच हवे. उरतो आतला भाग. तिथे काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

आतले काम

अशा कामात क्रम चुकला की दोनदा खर्च होतो. आम्ही पुढचा क्रम पाळला, कुणाला उपयोगी पडेल म्हणून देतो.

प्रथम तळ. रबरी मॅटखाली पाणी साचून पत्रा चाळणी झाला होता. कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडला, रेड ऑक्साइड लावले, सांधे सीलंटने बुजवले. त्यानंतर वायरिंग. जुन्या वायरींचे कापडी आवरण हात लावताच गळून पडत होते. प्रत्येक जोडणीला स्वतंत्र फ्यूज दिला आणि पुढच्या दिव्यांना रिले, म्हणजे सगळा भार स्विचवरून जात नाही. वायरिंग झाल्याशिवाय तळ झाकायचा नाही. मग इंजिनकडच्या भिंतीला आणि तळाला डांबरी शीट, त्यावर नमदा, त्यावर नवी रबरी मॅट. एवढ्याने आवाज आणि पायांना लागणारी धग दोन्ही बरीच कमी होते. डॅशबोर्डवरची मधली तबकडी तशीच ठेवली, आतली घड्याळे दुरुस्त करून घेतली. पुढच्या दोन्ही सीटांना तीन टोकांचे पट्टे लावले. त्यांचे बोल्ट नुसत्या पत्र्यात घेऊन भागत नाही. मागून जाड लोखंडी पट्टी द्यावी लागते, नाहीतर धक्का बसताच पट्टा पत्र्यासकट उपटून येईल.

सीट आणि टप सर्वांत शेवटी. त्यासाठी आम्ही बैरसिया रोडवरच्या एका उस्तादांकडे गेलो. वय पंचावन्नच्या पुढचे. त्यांच्या वडिलांनी टांग्यांचे टप शिवले, यांनी टेम्पोचे आणि जीपचे. उस्तादांनी गादी सुरीने उभी चिरली आणि थर उघडून दाखवले. वर निळे रेक्झीन. त्याखाली मरून. त्याखाली खाकी कॅनव्हास, त्यावर शासनाच्या छापाची अर्धवट पुसलेली अक्षरे. मग रबर लावलेला काथ्या, तोही भुगा झालेला. आणि सर्वांत खाली लाकडी फळी. पन्नास वर्षांचा हिशेब वीतभर जाडीत होता.

रेक्झीनबद्दल इथे सांगून टाकतो. हा शब्द आपण चामड्यासारख्या कुठल्याही कापडाला वापरतो. मुळात ते इंग्लंडमधल्या एका कारखान्याच्या मालाचे नाव. कापडावर लेप देऊन चामड्याचे सोंग आणलेले. चामडे परवडत नसलेल्या गाड्या, रेल्वेचे डबे, आणि पुस्तकांच्या बांधण्या यांत ते गेले. नाव आपल्या भाषेत इतके मुरले की आता ते परके वाटत नाही.

मरून थर उघडला तेव्हा आम्ही गप्प झालो. त्या रात्रीचे लोक याच थरावर बसले होते. आमच्यातल्या एकाला राहवले नाही. त्याने उस्तादांना विचारले, तुम्ही त्या रात्री कुठे होतात? ते म्हणाले, काझी कॅम्प, चौदा वर्षांचा होतो, कुणाच्या तरी गाडीतून हमीदियाला पोचलो. मग आमच्या चेहऱ्यांकडे पाहून त्यांनी सुरी खाली ठेवली. "नहीं भैया, वो मत जोड़ो. उस रात बहुत गाड़ियाँ चली थीं." आणि ते पुन्हा टाके उसवू लागले.

वाद

बाकड्यांवरून आमच्यात वाद झाला. दोघांचे म्हणणे, समोरासमोरची बाकडी काढून पुढे तोंड करून बसायच्या दोन आरामशीर सीट बसवाव्यात. आजकाल मागे आडवे कोण बसतो? शिवाय कंबर मोडते. शाळामास्तरांचे म्हणणे उलट. बाकडीच काय, मरून रेक्झीनसुद्धा जसेच्या तसे ठेवावे, फाटके असले तरी. तो पुरावा आहे. तीन आठवडे काम थांबले. उस्तादांचा निरोप येई, "साहब, फ़ैसला हुआ क्या?"

शेवटी काकूंना विचारायचे ठरले. त्यांचे वय ब्याऐंशी. आम्ही बरीच तयारी करून गेलो होतो. मास्तरांनी इतिहास सांगितला, दुसऱ्याने सीटचे फोटो दाखवले. काकूंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बाकडी ठेवा नाहीतर काढा. मला त्यात चढता आलं पाहिजे एवढं बघा. बारा वर्षं बसले नाही मी तिच्यात. गुडघा उचलत नाही इतका वर."

आम्ही चौदा महिन्यांत हा विचार केलाच नव्हता. गाडी कशी दिसेल, तिच्यातले काय जुने आणि काय नवे, यावर बोलत होतो. जिला त्यात बसायचे होते तिला कुणी विचारले नव्हते.

मग निर्णय आपोआप झाले. बाकडी राहिली, कारण फाळक्यातून चढून आडव्या बाकावर टेकणे काकूंना सोपे. वाकून पुढच्या सीटमागे शिरणे त्यांना जमले नसते. फाळक्याखाली दुमडणारी पायरी लावली. टपाच्या मागच्या कमानीला एक दांडी जोडली, धरून वर यायला. गादीत 40 घनतेचा फोम, कारण मऊ फोम खाली दबतो आणि म्हाताऱ्या माणसाला उठता येत नाही. वर नवे मरून रेक्झीन. जुन्या मरूनमधला जो भाग धड होता, त्यातून उस्तादांनी डॅशबोर्डखालच्या कागदपत्रांच्या खणाला अस्तर लावले. नोंदणी पुस्तक आता त्यात असते. मास्तरांचेही समाधान झाले.

फळीखालचे नाव

टपावरून उस्तादांशी थोडे मतभेद झाले. ते म्हणत होते, दोरा सुती घ्या. सुती दोरा भिजला की फुगतो आणि सुईचे भोक बुजते. पाणी आत येत नाही. आम्ही पॉलिएस्टरचा आग्रह धरला, कारण तो उन्हात लवकर कुजत नाही. पदविकेतले ज्ञान! उस्तादांनी आमचे ऐकले, वरून शिवणीला सीलंट लावले, आणि म्हणाले, एका पावसात कळेल.

शेवटच्या दिवशी बाकड्याची फळी बसवण्याआधी त्यांनी ती उलटी करून दाखवली. जुन्या फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने मापे लिहिलेली होती आणि खाली उर्दूत एक नाव. 1983 मध्ये मरून रेक्झीन चढवणाऱ्या कारागिराचे असावे. आम्हाला ते वाचता येत नव्हते, उस्तादांनी वाचले. ते त्या माणसाला ओळखत नव्हते. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, त्या नावाखाली आपले नाव आणि साल लिहिले, आणि फळी बोल्टने घट्ट केली. या लेखात तुमचे नाव छापू का, असे आम्ही विचारले. ते नको म्हणाले. "जो खोलेगा, पढ़ लेगा."

गणेश चतुर्थीच्या सकाळी पाऊस होता. टप चढवला. मूर्ती शाडूची, दोन फुटांची. ती पुढच्या सीटवर पट्ट्याने बांधली आणि शेजारी मुलगा धरून बसवला. काकू पायरीवरून, दांडी धरून, कुणाचा हात न घेता वर आल्या आणि डाव्या बाकावर बसल्या. समोरच्या बाकावर कॉलनीतली चार पोरे. मंडीजवळ पोचेपर्यंत पावसाचा जोर वाढला आणि मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या शिवणीतून थेंब गळू लागले, नेमके काकूंच्या खांद्यावर. आम्ही गाडी थांबवणार होतो. "थांबू नका, बाप्पा कोरडा आहे ना?" असे म्हणून त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि समोरच्या पोरांना सांगू लागल्या की या गाडीत पूर्वी पंप असायचे, आणि एकदा रात्री माणसे होती. त्या रात्रीबद्दल त्यांना मुलांशी बोलताना आम्ही प्रथमच ऐकले. समोरासमोर बसले की माणूस बोलतो. पुढे तोंड केलेल्या सीट असत्या तर त्या बोलल्या असत्या की नाही, सांगता येत नाही.

कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी दरवर्षी निघते आणि लोक ती पाहायला गर्दी करतात. तशा गाड्यांचा इतिहास लिहायला माणसे आहेत. आपल्या शेडमध्ये, अंगणात, ताडपत्रीखाली ज्या स्कूटर, जीप, फियाट उभ्या आहेत, त्यांचा आपणच लिहायचा आहे. मोडीत द्यायची असेल तर जरूर द्यावी. सगळेच जपता येत नाही. परंतु देण्यापूर्वी एकदा गादी उचलून पाहावी, आणि घरातले जे कोणी त्यावर बसले होते त्यांना शेजारी बसवून विचारावे. हे काम पुढल्या वर्षीवर टाकण्यासारखे नाही.

यंदा टपाची ती शिवण उसवून पुन्हा घातली आहे. दोरा सुती आहे.

गणपती बाप्पा मोरया!